बाबांच्या हार्डडिस्कवरच्या .पी६५ फायली कशाच्या आहेत?

अनघा (मिरज):
नमस्कार. माझे बाबा घरीच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं तयार करायची कामं करायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळेच्या स्मरणिका आणि वाचनालयाचा दिवाळी अंक. यंदा ते गेले. त्यांचा जुना पीसी चालूच होत नाही, म्हणून हार्डडिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि माझ्या लॅपटॉपला जोडली.

‘अंक९९’ या फोल्डरमध्ये अंक_१.पी६५, अंक_२.पी६५ अशा फायली आहेत. उघडायला गेलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? नोटपॅडमध्ये नुसते चौकोन आणि चिन्हं येतात. शेजारी काही टिफ (चित्रांच्या) आणि सीडीआर फायली आहेत. भाऊ म्हणतो व्हायरस असेल, डिस्क फॉरमॅट कर. पण आई सांगते की त्या अंकात बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या छापल्या होत्या. छापील अंक आमच्याकडे उरलेला नाही. काय करू?

समीर_पुणे:
व्हायरस वाटत नाही. विंडोजचा चालणारा प्रोग्रॅम नोटपॅडमध्ये उघडला तर अगदी सुरुवातीला एमझेड ही इंग्रजी अक्षरं दिसतात. झिप असेल तर पीके, म्हणजे झिप तयार करणाऱ्या फिल कात्झ यांची आद्याक्षरं. तुमच्याकडे काय दिसतंय? तोवर एखाद्या ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाकून बघा.

जुळारी_मावशी:
अनघा, फॉरमॅट अजिबात करू नकोस. या पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या फायली आहेत. पुढे २००१ मध्ये ७.० आलं, त्याच्या फायली .पीएमडी. नव्वदच्या दशकात आम्ही सगळे ऑपरेटर यातच पानं लावायचो, मथळे मात्र कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करायचो. तुझ्या सीडीआर त्याच असणार. फायली तारखेप्रमाणे लावून बघ. १९९९ चं लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं, तेव्हा शेवटचे बदल ऑक्टोबरातले निघाले तर अंक नक्की हाच.

समीर, अनोळखी साइटवर टाकायचा सल्ला मला पटत नाही. घरातला मजकूर आहे, तो कुणाच्या सर्व्हरवर जातो ते आपल्याला कळत नाही. आणि फॉन्ट सोबत नसला तर तिथून बाहेर येणारी पीडीएफही वाचता येणार नाही.

आधी अख्खी डिस्क दुसरीकडे कॉपी कर. फक्त पी६५ उचलू नकोस, टिफ त्याच फोल्डरमध्ये राहू देत, कारण पेजमेकर चित्रं बाहेरून जोडतो. मग जुन्या डिस्कवरचं विंडोजचं फॉन्ट्स फोल्डर उघड. ‘श्री-देव’ आणि पुढे आकडे असलेली नावं दिसली तर श्रीलिपी, ‘डीव्ही-टीटी’ असेल तर सी-डॅकचं आयएसएम; दोन्ही मराठी टायपिंगची जुनी सॉफ्टवेअर, प्रत्येकाचे फॉन्ट वेगळे. ते फॉन्ट तुझ्या लॅपटॉपवर टाक. फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघड, ती त्यातल्याच ड्रॉ या प्रोग्रॅममध्ये उघडेल. फुकट आहे. मांडणी हलेल, मजकूर हाती लागेल. इनडिझाइन सीएस६ (पानं लावायचं नंतरचं सॉफ्टवेअर) कुणाकडे असेल तर आणखी चांगलं. त्यानंतरच्या आवृत्त्या पेजमेकर उघडत नाहीत.

अनघा (मिरज):
मावशी, उघडली! आधी सगळं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होतं. श्री-देव फॉन्ट टाकल्यावर संपादकीय दिसलं, बाबांचं नाव दिसलं. अंक_३ मध्ये ओव्या आहेत, दोन पानं. तारखाही ऑक्टोबरच्याच. आईला फोनवर वाचून दाखवल्या. काही तिला पाठ होत्या, माझ्या आधीच म्हणत होती.

मावसभावंडांना पाठवायला तो मजकूर व्हॉट्सॲपवर टाकला तर परत कडबोळं. एका कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे हल्ली फोन-संगणकावर सगळीकडे चालणारं मराठी, केलं (लॅपटॉपवरच चालणारा घेतला), पण ‘सूर्यनारायण’चं ‘सूयर्नारायण’ झालं आणि संपादकीयात ‘परिस्िथती’ असं आलंय. फाइल खराब आहे का?

जुळारी_मावशी:
फाइल ठणठणीत आहे. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असायचे, आणि मजकूर पानावर दिसतो त्या क्रमाने साठवला जायचा. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर. रफार मात्र अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं: वेलांटी अख्ख्या जोडाक्षरानंतर येते, आणि रफाराचा र आधी. तुझा कन्व्हर्टर ‘स्थि’मधली वेलांटी अर्ध्या स पाशीच सोडून देतोय, आणि ‘र्य’चा र पुढे आणत नाहीये. कन्व्हर्टरमध्ये श्रीलिपीच निवडलीय ना, तेवढं बघ, आयएसएमची मांडणी वेगळी असते. तरीही रफार आणि जोडाक्षरावरच्या वेलांट्या हाताने तपासाव्याच लागतात.

ओव्यांत बोलीतले शब्द असतील, ते शुद्ध करायला जाऊ नकोस. तुझ्या आजीने म्हटलं तसंच राहू दे. ती दोन पानं मला पाठव, मूळ पानाची पीडीएफ शेजारी ठेवून प्रूफ मी वाचते. रविवारपर्यंत देते.

अनघा (मिरज):
पाठवली. पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड केलाय, म्हणजे फाइलमध्येच घातलाय. भावालाही सांगितलं, डिस्क आता माझ्याकडेच राहील.