बाबांच्या उजव्या हातासाठी घरी काय करता येईल?

बाबांना मार्चमध्ये पक्षाघात झाला. आता काठी घेऊन चालतात, पण उजवा हात मांडीवर पडून असतो. खांदा थोडा उचलतात, बोटं मात्र मुठीतच. आम्ही कराडजवळच्या गावात, फिजिओ आठवड्यातून एकदाच येतात. बोटं हलवणारा यांत्रिक हातमोजा पाहिला, किंमत बघून गप्प बसलो. दोन हजारांत काही जमेल का?

– आईच्या वेळी आम्ही आरसा वापरला. टेबलावर उभा ठेवायचा, अधू हात मागे, चांगला पुढे. नजर आरशात ठेवून चांगल्या हाताची मूठ उघडायची-मिटायची. अधू हातच हलतोय असं वाटतं. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात कापावा लागलेल्यांना त्या नसलेल्या हातात जाणवणाऱ्या वेदनांसाठी हे सुरू केलं, पुढे पक्षाघातातही आलं. आई आधी रडली, मग रोज स्वतःच आरसा मागायची.

– मी फिजिओ आहे. यांत्रिक हातमोजा बोटं हलवून देतो, पण रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हवाच. टेबलावर पावडर टाकून हाताखाली फडकं ठेवा आणि पुढे-मागे सरकवायला सांगा. मोबाइलवर व्हिडिओ काढून तुमच्या फिजिओंना दाखवा. आणि कृपा करून, उठवताना तो हात ओढू नका! खांदा निखळतो.

– हात धरूनच उठवत होतो आम्ही. आजपासून बंद. कपाटाचा जुना आरसा काढलाय, कडांना चिकटपट्टी लावतोय.