आत्या सकारात्मक नव्हती का?

दुपारचा_चहा:
परवा मुंजीच्या पंगतीत काका सांगत होते, "कोरोनातून मी उठलो तो निव्वळ सकारात्मक विचारांवर. मनात भीती येऊच दिली नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्याचा मुलगा तिथेच मठ्ठा वाढत होता. काकांची वाटी भरून तो पुढे गेला.

आत्या एप्रिल २०२१ मध्ये गेली. आमच्या खानदानात तिच्याइतकं हसरं माणूस नव्हतं. २०२० च्या २२ मार्चला लोकांनी थाळ्या वाजवल्या, हिने पितळी परात बडवून तिला पोचा पाडला आणि तो व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना दाखवला. आजारी पडल्यावरही रोज एकच, "मी ठणठणीत आहे रे." मी पाठवलेलं ऑक्सिमीटर खोक्यातच राहिलं. म्हणे, आकडे बघत बसलं की मनात नको ते येतं. पाचव्या दिवशी मुलाने जबरदस्तीने बोट घालायला लावलं तर ८१. तेव्हाही ती त्याला चहा टाकायला सांगत होती. बेड मिळेपर्यंत रात्र गेली.

काका विचारांनी वाचले, तर मग आत्याचे विचार कुठे कमी पडले? भांडायला विचारत नाहीये. काकांना काय बोलावं ते सुचत नाही, एवढंच.

तात्या_कोकण:
काकांना अगदीच मोडीत काढू नका. आमच्या वाडीत एकाने रिपोर्ट आल्यावर धसक्याने दोन दिवस जेवण सोडलं. आम्ही अंगणातून गप्पा मारमारून त्याला पेज प्यायला लावली. धीर लागतोच.

रात्रपाळी:
मी कोविड वॉर्डात सिस्टर होते. ऑक्सिजन ८० आणि पेशंट फोनवर नातवाशी हसतोय, हे रोजचं होतं. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, पण कार्बन डायऑक्साइड साचत नाही, त्यामुळे दम लागल्याचं पुष्कळांना जाणवतच नाही. डॉक्टर त्याला 'हॅपी हायपोक्सिया' म्हणायचे. सहा मिनिटं चालून मग बोट बघा, असं सांगत होतो ते यासाठीच. तुमच्या आत्यांचं हसू खोटं नव्हतं हो. त्यांना आतून इशाराच मिळत नव्हता.

हिंमत कामाला यायची ती वेगळ्या ठिकाणी. ऑक्सिजन वाढावा म्हणून पेशंटला पालथं झोपवायचो. तासन्‌तास पालथं झोपणं म्हणजे शिक्षा असते. एक आजोबा पालथे पडून हरिपाठ म्हणायचे, मास्कमधून अर्धाच ऐकू यायचा.

जुनी_पेठ:
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी आठला सूर्यफूल आणि 'सकारात्मक राहा'. नऊला 'तिसऱ्या मजल्यावरच्यांनी लिफ्ट वापरू नये'. तिसऱ्या मजल्यावरचे म्हणजे आम्ही. माझ्या दिरांनी चार दिवस खोकला ॲलर्जी म्हणून खपवला, कारण दाराला पट्टी लागली असती. १८९७ च्या प्लेगात पुण्यात लोक रोगी लपवत, ते घरं तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या भीतीने. आम्ही शेजाऱ्यांना भ्यालो.

त्याच साली सावित्रीबाईंनी मुंढव्याहून प्लेग झालेलं पोर पाठीवर घालून मुलाच्या दवाखान्यात आणलं, आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्यांचे विचार कमी पडले म्हणायची छाती आहे का कुणाची?

दुपारचा_चहा:
सिस्टर, 'इशाराच मिळत नव्हता' हे वाक्य आत्याच्या मुलाला पाठवलं. बऱ्याच वेळाने त्याचं उत्तर आलं, "म्हणजे आई मला फसवत नव्हती."

काल काकांकडेही गेलो होतो. वाद घातला नाही, फक्त विचारलं की ॲडमिट कितव्या दिवशी झालात. म्हणाले, "तिसऱ्याच. तुझी काकू ऐकते कुठे? दर दोन तासांनी बोटाला ते चिमटं लावायची." काकूने आतून जुनं कॅलेंडर आणून दाखवलं. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ओळीने आकडे होते, रात्री दोनचे आणि चारचेसुद्धा.