कोल्हापुरात रात्री दहानंतर जायचं कुठं?

शाहूपुरीकर
काही वर्षं मुंबईत नोकरी करून आता इकडंच परत आलोय. तिथली रात्र म्हणजे नुसती दारू, असा इथं पक्का समज आहे आणि तो मला खरंच खटकतो. मी होतो तेव्हा खारच्या हॅबिटॅट नावाच्या छोट्या स्टेजवर ओपन माइक असायचा, म्हणजे कुणीही येऊन विनोद सांगून बघायचा. नवख्या पोरांना मोजकी काही मिनिटं मिळायची. समोर दाटीवाटीनं बसलेली अनोळखी माणसं. विनोद पडला तर एसीची घरघर ऐकू यायची, इतकी शांतता. तेच पोरगं तोच विनोद घासूनपुसून पुन्हा आणायचं आणि अख्खी खोली हसायची. लोअर परळच्या गिरणी आवारातलं ब्लू फ्रॉग २०१६ मध्ये बंद झालं, पण तोवर लोक तिथं बँडची स्वतःची, कुणी न ऐकलेली गाणी ऐकायला जायचे. एनसीपीएत जाझ, दादरला शिवाजी मंदिरात नाटक. ज्याला जे हवं ते.

आपल्याकडं काय? परमिट रूम. पडदा ओढलेला फॅमिली सेक्शन, आवाज बंद केलेल्या टीव्हीवर मॅच, बशीत शेंगदाणे. शे-दीडशे माणसं बसतील, छोटं स्टेज असेल, रात्री साडेबारापर्यंत चालेल अशी एक जागा या शहरात हवी. तिथं बार असला तर असू दे.

पेठेतला
भावा, कोल्हापूरला रात्र नाही म्हणतोस? गंगावेशीत दूध कट्ट्यावर कधी उभारलायस का? म्हशी दारात बांधलेल्या, समोर धार काढायची, फेसासकट पेला हातात. गरम असतंय, म्हशीच्या अंगाचं गरम. तालमीतली पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, रिक्षावाले, सगळी एका रांगेत. उन्हाळ्यात रंकाळ्यावर बघ, पाय ठेवायला जागा नसती. विसर्जनाला तर अख्खी रात्र जागतंय गाव. ज्या गावानं पैलवान घडवले, खासबाग मैदान बांधलं, तिथल्या पोरांना रात्री बारमध्ये बसायची सवय लावायची काय? पहाटे पाचला आखाड्यात कोण येणार मग?

राजारामपुरीच्या काकू
मी मोकळंच बोलते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बार आहे. बंद झाला की खरा त्रास सुरू होतो: गाड्या रेटणं, भांडणं, आमच्या भिंतीशी उभं राहणं. यांच्या छातीत दोन स्टेंट आहेत, आवाजानं दचकून उठतात. रहिवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, पण रस्त्यावरच्या आरडाओरड्याला मीटर कोण लावणार? आणि मुंबईचं कौतुक करताना कमला मिलही आठवा. २९ डिसेंबर २०१७ च्या आगीत १४ जीव गेले. तीही माणसं रात्रीची मजा करायलाच गेली होती.

शाहूपुरीकर
काकू, तुमचा त्रास खरा आहे. म्हणूनच जागा वस्तीत नको, आणि बाहेर पडायचे दोन मोकळे रस्ते असल्याशिवाय परवानगी नको. रात्री दहानंतरची स्पीकरबंदी बंदिस्त सभागृहात आतल्यापुरती लागू नाही. भिंती नीट केल्या तर आवाज बाहेर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यापासून सहा जिल्ह्यांतले वकील, पक्षकार इथं मुक्कामाला येतात. संध्याकाळी सातनंतर ते लॉजच्या खोलीत बसून राहतात.

साडेअकराची_पाळी
पेठेतले दादा, दूध कट्ट्यावर सगळी एका रांगेत म्हणालात. रात्री अकराला त्या रांगेत बायका किती असतात? मी हॉस्पिटलमध्ये आहे, पाळी संपते तेव्हा शहरात माझ्यासाठी चहाची टपरीसुद्धा नसते. मुंबईत शिकत होते तेव्हा स्टँडअपला एकटी जायचे. बार होता, मी कधी प्यायले नाही, कुणी विचारलंही नाही. शेवटची लोकल एकच्या सुमाराला, तोवर घरी पोचायची खात्री असायची. इथं शो साडेबाराला संपला तर मी घरी कशी जाऊ, हे आधी सांगा. रात्रीची बस किंवा ठरल्या भाड्याची रिक्षा नसेल तर ती जागासुद्धा पुरुषांचीच होणार. बार आहे की नाही, हा माझ्यासाठी पुढचा प्रश्न.

गिटार_आणि_तबला
इथं वाजवणारा एकटा मीच दिसतोय. माझा बारला विरोध आहे, पण कारण वेगळं. बारचा धंदा ग्लासावर चालतो. लोक जास्त वेळ बसावेत म्हणून आम्हाला बोलावतात. तिसऱ्या पेगनंतर टेबलावरून चिठ्ठी येते, हिट गाणं वाजवा. नाही म्हटलं तर पुढच्या आठवड्यात बोलावणं नाही. मुंबईतही बऱ्याच ठिकाणी दारात घेतलेला कव्हर चार्ज खाण्यापिण्याच्या बिलात वळता होतो, कलाकाराला त्यातलं काही मिळतंच असं नाही. तिकिटाचा शो असेल तर माणूस ऐकायला आलेला असतो.

दुसरं म्हणजे, या शहरात मोठं सभागृह आहे किंवा काहीच नाही. शाहू महाराजांनी १९१५ ला उभारलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बाहेर उभं राहून रडणारे लोक मी पाहिलेत. पण ते धडधाकट होतं तेव्हाही नवीन पोराला तिथलं भाडं झेपायचं नाही. शिकणाऱ्यानं पहिल्यांदा लोकांसमोर उभं राहायचं कुठं? अल्लादिया खाँसाहेब ज्या गावात दरबारी गायक होते, तिथल्या पोरांना वाजवायला लग्नाचा मांडव सोडून जागा नाही.

पेठेतला
हे पटलं. पोरांना स्टेज पाहिजे, आणि त्या ताई म्हणतात ते बी खरं हाय, कट्ट्यावर बायका दिसत नाहीत. तिकीट लावा, चहा-भजी ठेवा, मी पेठेतली पोरं घेऊन येतो. दारू नको.

शाहूपुरीकर
दादा, जागेचं भाडं, वीज, साउंडवाला, रखवालदार. दीडशे रुपयांच्या तिकिटात आणि चहात हे बसत नाही. मुंबईत छोटी स्टेजं टिकतात ती बऱ्याचदा बारच्या गल्ल्यावर, हे मी जवळून पाहिलंय. आणि कायदा आहेच की: बिअरला २१, कडक दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत. तो काटेकोर पाळायला लावा.

पेठेतला
देवल क्लब १८८३ पासून गाण्यावर चाललाय, ग्लासावर नव्हं. गावातली चार माणसं वर्गणी काढतात म्हणून चाललाय. तू हिशोब मांड, किती कमी पडतात ते इथंच लिही.