सिग्नलला बाईक न्यूट्रलमध्ये की गिअरमध्ये?

रामबागवाला: काल इथं एकानं लिहिलं, "सिग्नल लागला की न्यूट्रल टाका, निवांत उभे राहा, क्लच दाबून वाट लावू नका." लोकांनी माना डोलावल्या, म्हणून सविस्तर लिहितोय. इंदूरच्या पलासिया चौकात तुम्ही रांगेत शेवटचे असता आणि मागचा मोबाइलमध्ये बघत येतो, तेव्हा बाजूला निसटायला क्लच, गिअर, रेस एवढं सगळं करायला वेळ कुठला? मागची गाडी थांबेपर्यंत पहिला गिअर, डोळे आरशात, ब्रेक दाबलेला, म्हणजे मागचा लाल दिवा पेटलेला राहतो. कारच्या मधोमध मागे नाही, कोपऱ्याकडे उभं राहा. तिची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील इतकं अंतर ठेवा.

सुदामानगरी: भिया, इंदुरात एवढी जागा सोडली की तिथं दोन ॲक्टिव्हा आणि एक ई-रिक्षा शिरते. आणि क्लचची वायर तुटली तर? माझी मालवा मिलला तुटली, गाडी उडी मारून ऑटोवर आदळली. न्यूट्रल असतं तर काही झालं नसतं.

रामबागवाला: वायर तुटायच्या आधी लिव्हरपाशी तिच्या तारा सुटायला लागतात, क्लच जड होतो. मेकॅनिककडे जायचं ना! आणि ब्रेक नीट दाबलेला असता तर गाडी जागीच बंद पडली असती. माझ्या मोठ्या भावाला गीता भवनला मागून व्हॅननं ठोकलं. गाडी न्यूट्रलमध्ये, नजर पुढच्या दिव्यावर. गुडघा पुढच्या बसच्या बंपरमध्ये अडकला. अजूनही जिना चढताना कठडा धरतो तो.

राजेंद्रनगरची ताई: आम्हा स्कूटरवाल्यांना गिअरच नाही, त्यामुळे आरसा आणि ब्रेक हे पटलं. पण लेफ्ट टर्न अडवून उभे राहतात त्यांचं काय? डावीकडे वळायचं असेल तर हॉर्न वाजवून घसा बसतो, वर डोळे वटारून बघतात.

सुदामानगरी: ताई, मे महिन्यात सावली डावीकडच्या झाडाखालीच असते.

राजेंद्रनगरची ताई: मग आमचा खोळंबा करायचा? मागच्या वर्षी आईला दवाखान्यात नेत होते. पुढचा हेल्मेट कोपरात अडकवून पान थुंकत उभा! सरकायला सांगितलं तर म्हणाला, "उडून जा."

लष्करवाला: आमच्या ग्वाल्हेरला पडावावर हीच तऱ्हा. हेल्मेट कोपरातच. इंदुरात ऑगस्ट २०२५ मध्ये हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही झालं होतं ना? पंपावर घालायचे, सिग्नलला काढायचे, मग काय उपयोग?

सुदामानगरी: विषय गिअरचा होता. बरं, रांगेत शेवटी असेन तेव्हा गिअरमध्ये ठेवीन, तेवढं मान्य. मागे गाडी थांबली की न्यूट्रल. दीड मिनिट क्लच दाबून माझं मनगट दुखतं, त्यावर कोणी भाषण देऊ नये.

रामबागवाला: मीही "मागची गाडी थांबेपर्यंत" असंच लिहिलंय. नीट वाचा.

राजेंद्रनगरची ताई: आणि लेफ्ट टर्न मोकळा सोडा.