मधुमालतीला पाने भरपूर, फुले मात्र नाहीत

प्रश्न – ठाणेकर
सोसायटीच्या कुंपणभिंतीलगत मी चार वर्षांपूर्वी मधुमालतीचे रोप जमिनीत लावले. आज ती वेल पहिल्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत चढली असून पानांनी गच्च भरली आहे, परंतु इतक्या वर्षांत फुलांचे घोस मोजून सात-आठच आले. सकाळी अकरापासून साडेतीनपर्यंत ऊन मिळते. दर पंधरवड्याला शेणाची स्लरी आणि महिन्यातून एकदा मूठभर युरिया देतो. कीड दिसत नाही. वेल खाली उभ्या केलेल्या गाड्यांवर लोंबते, म्हणून माळी दर महिन्याला कात्रीने तिला भिंतीच्या रेषेत आणून जातो. रोपवाटिकेत विचारले असता ही जातच वांझ असल्याचे सांगून नवे रोप घेण्याचा सल्ला मिळाला. वेल उपटून टाकावी का?

उत्तर – परसबाग, कोथरूड
कृपया उपटू नका. दुहेरी पाकळ्यांच्या मधुमालतीला सहसा बी धरत नाही हे खरे, पण फुले तिलाही भरभरून येतात. शिवाय सात-आठ घोस आलेल्या वेलीला वांझ म्हणणे हे विक्रेत्याच्या सोयीचे निदान झाले. तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. मधुमालती त्या हंगामातील नव्या फुटव्यांवर, मुख्यतः त्यांच्या शेंड्याशी फुलते, आणि माळी दर महिन्याला नेमके तेच लोंबते शेंडे उडवतो. कळ्यांचा कोवळा जुडगा बारीक हिरव्या काड्यांच्या झुबक्यासारखा दिसतो, त्यामुळे कापणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

छाटणी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात करावी. त्या वेळी चार-पाच जाड खोडे ठेवून बाकीचा गुंता निर्धास्तपणे काढावा आणि नंतर पावसाळा सरेपर्यंत कात्री लावू नये. युरिया पूर्ण बंद करा, कारण नत्र वाढले की वेल पानांवरच खर्च होते. स्लरीही थांबवून छाटणीनंतर एकदा कुजलेले शेणखत आणि थोडा हाडांचा चुरा आळ्यात मिसळला तरी पुरे. छाटताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पान गळले तरी देठाचा बुंधा वेलीवरच राहतो आणि वाळून काट्यासारखा टणक होतो.

उत्तर – रत्नागिरीकर
छाटणीबद्दल सहमत आहे, मात्र साडेचार तासांचे ऊन मला काठावरचे वाटते. ही वेल उन्हाकडे चढते आणि जिथे ऊन लागते तिथे फुलते, म्हणून एकदा वरच्या मजल्यावरून खाली पाहावे. आमच्या वेलीला फुले नाहीत असे मी दोन पावसाळे समजत होतो. शेवटी वरच्या मजल्यावरील काकूंनीच सांगितले की सगळे झुबके त्यांच्या खिडकीशी आहेत आणि वासाने घर भरते.

पाहायचे ते संध्याकाळी पाहा. कळी तिन्हीसांजेला पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल, म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पांढऱ्या फुलाच्या लांब नळीतला मध रात्री लांब सोंडेचे पतंग पितात, तर दिवसा मधमाश्या आणि शिंजीर येतात. वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनिअसच्या काळापासून या वेलीच्या प्रजातीला ‘क्विस्क्वालिस’, म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोण? कसा?’, असे नाव होते. आता तिची गणना ‘कॉम्ब्रेटम’मध्ये होते. रंग पालटणाऱ्या फुलाला ते जुने नावच शोभत होते, असे माझे मत.

ठाणेकर
दोघांचेही आभार. आता ऑगस्ट चालू आहे आणि गाड्यांची तक्रार कायम आहे. लोंबणाऱ्या फांद्या न कापता काय करावे?

परसबाग, कोथरूड
भिंतीला खिळे मारून दोन-तीन आडव्या तारा ओढा आणि लांब फांद्या त्यांवर सुतळीने सैल बांधा. आडव्या वळवलेल्या फांदीला डोळ्याडोळ्यातून फुटवे येतात, त्यामुळे घोसही वाढतील. बुंध्यापासून दूर जमिनीतून निघणारे मुनवे मात्र केव्हाही काढावेत, नाहीतर वेल बाजूच्या फरशीतूनही वर येईल.

ठाणेकर
तारा रविवारी लावतो. माळ्याने परवा कापून कोपऱ्यात टाकलेला ढीग आज उपसून पाहिला. वाळत चाललेल्या पानांत कळ्यांचे अकरा जुडगे सापडले. तीन फांद्या घरी आणून पाण्यात ठेवल्या आहेत.