शब्दचर्चा : ‘लुकअप’, ‘बाइंडिंग’ आणि दोन अर्थांचा ‘संदर्भ’

प्रश्न

जावात लिहिलेल्या एका वेब अ‍ॅप्लिकेशनची स्थापना कशी करावी, याची मराठी मार्गदर्शिका मी सध्या लिहीत आहे. हे अ‍ॅप्लिकेशन कोणी टॉमकॅटवर चालवते, कोणी वाइल्डफ्लायवर, तर कोणी वेबलॉजिकवर. त्यामुळे डेटाबेसची जोडणी प्रत्येक सर्व्हरवर कशी मिळवायची, हे सांगणारे प्रकरण सर्वांत लांबले आहे. विषय थोडक्यात असा की डेटाबेसचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड यांपैकी काहीही कोडमध्ये लिहिलेले नसते. कोडला फक्त एक नाव ठाऊक असते, आणि जेएनडीआय या नामसेवेला ते नाव सांगितले की सर्व्हर आपल्याकडे तयार असलेला डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसची जोडणी देणारी वस्तू, हाती ठेवतो.

पहिल्या खर्ड्यात मी ‘लुकअप’साठी (नाव सांगून वस्तू मिळवणे) शोध, ‘रिसोर्स’साठी (अशी मिळणारी वस्तू) संसाधन, ‘बाइंडिंग’साठी (वस्तू नावाशी जोडणे) बंधन, आणि ‘रेफरन्स’ (वस्तूकडे नेणारे नाव) व ‘कॉन्टेक्स्ट’ (नावे ठेवण्याची जागा) या दोहोंसाठी संदर्भ असे शब्द योजले. एकेक शब्द सुटा पाहिला तर त्यात दोष काढता येत नाही. परंतु टॉमकॅटवर नेहमी दिसणारा एक त्रुटिसंदेश समजावून देताना माझ्या हातून पुढील वाक्य लिहिले गेले : ‘संदर्भातील संसाधनाच्या संदर्भाला बंधन नसल्यामुळे शोध अयशस्वी झाला.’ दुसऱ्या दिवशी हे वाक्य माझे मलाच उलगडेना.

यावर नुसते हसून सोडून देता आले असते. पण खर्डा तपासणाऱ्या सहकाऱ्याने ‘संदर्भाचे नाव लिहावे’ ही माझी सूचना ‘कॉन्टेक्स्टसह नाव लिहावे’ अशी वाचली, आणि वेब अ‍ॅपच्या गरजा जाहीर करणाऱ्या वेब.एक्सएमएल फाइलमध्ये जिथे केवळ ‘जेडीबीसी/ग्रंथसाठा’ एवढेच लिहायला हवे होते, तिथे ‘जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/ग्रंथसाठा’ असे उपसर्गासह नाव लिहिले. तिथले नाव त्या उपसर्गाच्या आतलेच धरले जाते, त्यामुळे नोंद भलत्याच ठिकाणी झाली, आणि चूक सापडेपर्यंत आमचा अर्धा दिवस गेला. फाइलींची व घटकांची नावे इथे मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे; मार्गदर्शिकेत ती अर्थातच मूळ रूपात राहतील. प्रश्न त्यांच्या भोवतीच्या मराठीचा आहे. या चार-पाच कल्पनांसाठी आपण कोणते शब्द वापराल?

उत्तर

‘शोध’ हा शब्द इथे चालणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण शैलीत नसून अर्थात आहे. आपण शोध घेतो तो वस्तू कुठे आहे, किंबहुना ती आहे की नाही, हे ठाऊक नसते तेव्हा. लुकअपमध्ये यांपैकी कोणतीही अनिश्चितता नसते. नाव अक्षर न् अक्षर माहीत असते आणि ते कुठे विचारायचे तेही ठरलेले असते. शब्दाचा अर्थ अडला की आपण ‘कोशात पाहतो’. कोशात शब्दाचा शोध घेतला असे सहसा कोणी म्हणत नाही. लुकअप म्हणजे हे कोशात पाहणे.

दुसरे कारण अधिक बोचरे आहे. जेएनडीआयमध्ये ‘लुकअप’ आणि ‘सर्च’ अशा दोन वेगळ्या क्रिया आहेत. लुकअप ही साध्या कॉन्टेक्स्टची क्रिया असून ‘सर्च’ ही डिरकॉन्टेक्स्ट या निर्देशिकेच्या प्रकाराची क्रिया आहे. तिला आपण एखादी चाळणी देतो, उदाहरणार्थ ‘ज्यांचे आडनाव अमुक आहे अशा सर्व नोंदी’, आणि ती शून्य, एक किंवा शंभर नोंदी परत देते. सर्चच्या चाळणीतून काहीच आले नाही तर रिकामी यादी मिळते, त्रुटी मिळत नाही. लुकअपला नाव सापडले नाही तर मात्र ‘नेमनॉटफाउंड’ ही त्रुटी उभी राहते. म्हणजे यश कशाला म्हणायचे आणि अपयश कशाला, याचीच व्याख्या दोन्हींत निराळी आहे. ‘शोध’ हा शब्द लुकअपवर खर्च केला, तर पुढे एलडॅप या निर्देशिका-सेवेच्या प्रकरणात सर्चसाठी आपल्यापाशी काय उरेल?

मी ‘नामपृच्छा’ असा शब्द सुचवतो.

उत्तर

‘शोध’ नको, इथवर मी सहमत आहे. परंतु ‘नामपृच्छा’ हा शब्द उच्चारून कोणी सहकाऱ्याला काही विचारेल, असे मला वाटत नाही. कामावर आम्ही ‘लुकअप फेल झाला’ असेच म्हणतो आणि लिहितानाही देवनागरीत ‘लुकअप’ लिहिले तर वाचकाचे काहीच बिघडत नाही. उलट त्रुटिसंदेशात त्याला तोच शब्द दिसणार आहे.

‘रिसोर्स’विषयी दोन शब्द. ‘संसाधन’ वाचले की मनुष्यबळ आणि खनिजे आठवतात, आणि ‘स्रोत’ घ्यावा तर मुक्तस्रोतातला ‘सोर्स’ मध्ये येतो. इथे प्रत्यक्षात ज्या वस्तू असतात त्या म्हणजे डेटासोर्स, मेल सेशन, संदेशांच्या रांगेची जोडणी. त्यांना ‘साधन’ पुरे आहे.

उत्तर

वरील दोन्ही उत्तरे ‘लुकअप’भोवती फिरली आहेत, पण मूळ प्रश्नातला खरा घोटाळा ‘संदर्भ’ या शब्दाने केला आहे, आणि तो शब्द या प्रकरणातून पूर्णपणे काढून टाकावा असे मला वाटते. साहित्यचर्चेत एकच शब्द ‘कशाविषयी’ आणि ‘कोणत्या पार्श्वभूमीवर’ असे दोन्ही अर्थ वाहतो आणि वाक्यावरून नेमका अर्थ कळतो. इथे मात्र रेफरन्स हे नाव आहे आणि कॉन्टेक्स्ट ही ते नाव ठेवण्याची जागा आहे. डबा आणि त्यावरची चिठ्ठी यांना एकच शब्द वापरल्यासारखे ते होते.

शब्द ठरवण्याआधी यंत्रणा पाहू, म्हणजे शब्द आपोआप सुचतील. एकाच डेटासोर्सला इथे दोन नावे असतात. पहिले अ‍ॅपच्या आतले : कोड ‘जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/ग्रंथसाठा’ असे मागतो, आणि वेब.एक्सएमएलमधला ‘रिसोर्स-रेफ’ हा घटक जाहीर करतो की या नावाने, अमुक प्रकारची वस्तू मला लागेल. दुसरे नाव सर्व्हरवरचे : व्यवस्थापकाने डेटासोर्स तयार करताना दिलेले. वाइल्डफ्लायवर ते ‘जावा:/’ किंवा ‘जावा:जेबॉस/’ यानेच सुरू व्हावे लागते, तर वेबलॉजिकवर ते कोणत्याही उपसर्गाविना नुसते ‘जेडीबीसी/ग्रंथसाठा’ असू शकते. ही दोन नावे एकमेकांना जोडण्याचे काम प्रत्येक सर्व्हर आपापल्या फाइलीत करतो. वाइल्डफ्लाय ते जेबॉस-वेब.एक्सएमएलमध्ये करतो, वेबलॉजिक वेबलॉजिक.एक्सएमएलमधल्या ‘रिसोर्स-डिस्क्रिप्शन’ या घटकात, ग्लासफिश ग्लासफिश-वेब.एक्सएमएलमध्ये आणि वेबस्फिअर त्याच्या स्वतंत्र बाइंडिंग फाइलीत. जेटीवर जेटी-एन्व्ह.एक्सएमएल असते. सर्व्हर बदलला की कोड आणि वेब.एक्सएमएल जसेच्या तसे राहतात आणि फक्त ही जोडणीची फाइल बदलते. सारी योजना याचसाठी केलेली आहे.

आता ‘कॉन्टेक्स्ट’. नावातली प्रत्येक तिरकी रेघ म्हणजे आत आणखी एक कॉन्टेक्स्ट. म्हणून मी त्याला साध्या मराठीत ‘कप्पा’ म्हणतो : कप्प्यात कप्पा. ‘जावा:कॉम्प’ हा त्या अ‍ॅपपुरता कप्पा, त्यात ‘एन्व्ह’, त्यात ‘जेडीबीसी’, आणि त्यात ‘ग्रंथसाठा’ ही चिठ्ठी. 2009 साली आलेल्या जावा ईई 6 पासून ‘जावा:मॉड्यूल’, ‘जावा:अ‍ॅप’ आणि ‘जावा:ग्लोबल’ असे आणखी मोठे कप्पे मिळाले, आणि ‘मोठा कप्पा’ हे वर्णन तिथेही बसते. टॉमकॅटच्या संदेशाच्या शेवटी ‘जेडीबीसी सापडत नाही’ असे जे शेपूट असते, त्याचा अर्थही यातून लगेच उलगडतो : आतली चिठ्ठी तर सोडाच, तो मधला कप्पाच तिथे तयार झालेला नाही. बहुतेक वेळा याचा अर्थ जोडणीची फाइल सर्व्हरने वाचलीच नाही असा असतो, आणि नावाचे स्पेलिंग तपासत बसण्यात काही हशील नसते. (‘एन्व्ह’चे भाषांतर कृपया ‘पर्यावरण’ करू नये; मी एका पुस्तिकेत ते पाहिले आहे आणि तिथे झाडे लावायचीच बाकी होती.)

एक अडचण मात्र कबूल करायला हवी. टॉमकॅटमध्ये ‘कॉन्टेक्स्ट’ म्हणजे संपूर्ण वेब अ‍ॅपसुद्धा. कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल या फाइलीतला ‘कॉन्टेक्स्ट’ हा त्या अर्थाचा आहे, नावांचा कप्पा नव्हे. तिथे कप्पा म्हणू नये. ‘अ‍ॅपची फाइल’ म्हणावे आणि पुढे जावे.

‘रेफरन्स’साठी मी ‘निर्देश’ घेईन. नाव वस्तूकडे बोट दाखवते, स्वतः वस्तू नसते, हे त्यातून व्यक्त होते.

राहिले ‘बाइंडिंग’. ‘बंधन’ म्हटले की मराठी वाचकाला मनाई ऐकू येते : ‘यावर बंधन नाही’ म्हणजे मोकळीक आहे! म्हणूनच आपल्या त्या वाक्यात ‘बंधन नसल्यामुळे अयशस्वी’ हे उलटे वाटते. इथे नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापदाकडे जावे, कारण मराठीत नेमकी हीच गोष्ट सांगणारा प्रयोग तयार आहे. वस्तू एखाद्याच्या ‘नावावर असते’, ती कोणाच्या तरी ‘नावावर केली’ जाते. बाइंड करणे म्हणजे वस्तू नावावर नोंदवणे. आणि तसे पाहिले तर लुकअप म्हणजे वस्तू नावाने मागणे. ‘नामपृच्छा’ची गरजही मग उरत नाही.

उत्तर

‘नावाने मागणे’ हे ‘नामपृच्छा’पेक्षा सरस आहे, हे मी मानतो आणि माझी सूचना मागे घेतो. ‘निर्देश’विषयी मात्र शंका आहे. ‘तसे निर्देश देण्यात आले आहेत’ अशा सरकारी वाक्यांमुळे तो शब्द आता आज्ञेच्या अर्थाने रुळत चालला आहे, आणि स्थापनेच्या मार्गदर्शिकेत आज्ञाच अधिक असतात.

स्प्रिंग ही जावाची चौकट (फ्रेमवर्क) वापरणाऱ्यांसाठीही एक टीप हवी. तिथे ‘रिसोर्स-रेफ’ हेच नाव एका होय-नाही प्रकारच्या खटक्याला दिलेले आहे, आणि त्याचे काम एवढेच की दिलेल्या नावापुढे ‘जावा:कॉम्प/एन्व्ह/’ हा उपसर्ग आपणहून लावायचा की नाही. एक्सएमएलमधल्या ‘जेईई’ नामावकाशातील (नेमस्पेसमधील) लुकअपच्या घटकात तो खटका मुळात चालू असतो, तर स्प्रिंगचा जेएनडीआय-ऑब्जेक्ट-फॅक्टरी-बीन हा क्लास थेट वापरल्यास बंद असतो. अशा ठिकाणी ‘साधननिर्देश : होय’ असे शब्दशः भाषांतर केल्यास वाचकाला काडीचाही बोध होणार नाही. ‘उपसर्ग लावावा : होय’ असेच लिहावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपणा सर्वांचा आभारी आहे. ‘संदर्भ’ मी संपूर्ण प्रकरणातून काढला, आणि तो नेमका किती ठिकाणी चुकीच्या जागी बसला होता, हे काढतानाच कळले. ‘निर्देश’विषयीची शंका रास्त वाटल्यामुळे ‘रिसोर्स-रेफ’ला भाषांतर न देता त्याचे काम सांगितले आहे. त्या त्रुटिसंदेशाचे स्पष्टीकरण आता असे झाले आहे :

‘अ‍ॅपने जेडीबीसी/ग्रंथसाठा या नावाने साधन मागितले, परंतु अ‍ॅपच्या कप्प्यात या नावावर काहीही नोंदलेले नाही. वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ लिहून या नावाची गरज जाहीर केली आहे का, आणि सर्व्हरच्या जोडणीच्या फाइलीत हे नाव सर्व्हरवरच्या नावाशी जोडले आहे का, हे क्रमाने तपासावे.’

हेच वाक्य तिन्ही सर्व्हरांच्या प्रकरणांत ठेवण्याचा विचार आहे.

उत्तर

वाक्य उत्तम झाले आहे, पण टॉमकॅटच्या प्रकरणात ते जसेच्या तसे ठेवू नये. अ‍ॅपच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये ‘रिसोर्स’ हा घटक थेट लिहिला, तर टॉमकॅट ती वस्तू सरळ अ‍ॅपच्या कप्प्यात नोंदवतो. तिथे सर्व्हरवरचे वेगळे नाव नसतेच, आणि वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ लिहिले नाही तरी काम भागते. दोन नावे येतात ती डेटासोर्स सर्व्हर.एक्सएमएलमधल्या सामाईक साधनांत ठेवून अ‍ॅपच्या फाइलीत ‘रिसोर्सलिंक’ने जोडला तरच. या सवलतीमुळेच अनेकांच्या वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ नसते, टॉमकॅटवर वर्षभर सारे सुरळीत चालते, आणि अ‍ॅप वेबलॉजिकवर नेले की पहिल्याच मागणीला ते अडखळते.

आणखी एक. जावा वेब अ‍ॅप्सच्या सर्व्हलेट या मानकाच्या 3.0 आवृत्तीपासून रिसोर्स-रेफच्या आतच ‘लुकअप-नेम’ लिहून सर्व्हरवरचे नाव देता येते. त्यामुळे जोडणीची वेगळी फाइल लागत नाही हे खरे, पण सर्व्हरचे नाव अ‍ॅपच्या पोटात जाऊन बसते. तीन सर्व्हरांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत तो मार्ग सुचवू नये.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

मान्य. टॉमकॅटच्या प्रकरणात आता असे लिहीत आहे : ‘कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये साधन थेट या नावावर नोंदवले आहे का, किंवा रिसोर्सलिंकने सामाईक साधनाशी जोडले आहे का, ते पाहावे. रिसोर्स-रेफ टॉमकॅटला लागत नसले तरी लिहून ठेवावे. इतर सर्व्हरांना ते लागते.’