मदत हवी आहे : द्राक्षबागेतील रसायनांवरून आवर्तसारणी शिकवताना पडलेले प्रश्न

नमस्कार. मी नाशिकला पंचवटीतील एका अभ्यासिकेत दहावीच्या मुलांना संध्याकाळी विज्ञान शिकवते. माझे शिक्षण वाणिज्य शाखेतले असल्यामुळे पाठ्यपुस्तकापलीकडचा प्रश्न आला की जाणकारांना विचारूनच पुढे जावे, असे मी ठरवले आहे.

मुलांपैकी बरीच जण दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्षबागायतदारांच्या घरची आहेत. आवर्तसारणीचा पाठ सुरू झाल्यावर त्यांनी आपणहून विचारले, की आमच्या फवारणीच्या खोलीत जे मोरचूद (कॉपर सल्फेट), चुना, गंधक आणि पोटॅश असते ते या तक्त्यात कुठे बसते. द्राक्षांवरील केवडा या बुरशीजन्य रोगासाठी १ टक्क्याचे बोर्डो मिश्रण करायचे तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना लागतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. गंधक स्वतःच मूलद्रव्य असल्याने त्याला १६ अणुअंकाच्या घरात लगेच जागा मिळाली. परंतु मोरचुदात तांबे, गंधक, ऑक्सिजन आणि स्फटिकजल असे सारे एकत्र असते, त्यामुळे त्याला एक घर देताच येत नाही, हे सांगताना मूलद्रव्य आणि संयुग यांतील फरक मुलांना जितका नेमका कळला तितका तो व्याख्या पाठ करून कळला नव्हता. हाच मार्ग पुढे न्यावा असे मला मनापासून वाटते, मात्र काही ठिकाणी अडले आहे.

पहिली आणि सर्वांत मोठी काळजी सुरक्षिततेची आहे. अभ्यासिकेत प्रयोगशाळा नाही. एक मोठे टेबल, दोन खिडक्या आणि बाहेर अंगणात नळ एवढीच सोय आहे. मुलांना मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा ठेवून त्यावर चढणारे तांबे पाहायचे आहे आणि गंधक जाळून पाहण्याचाही त्यांचा आग्रह आहे. एका मुलाने संहत सल्फ्युरिक आम्ल मिळवून आणतो असे सांगितले, त्याला मी नकार दिला आहे. यांपैकी काय करावे आणि काय मुळीच करू नये?

दुसरा प्रश्न एका मुलीचा आहे. तिसऱ्या कवचात जास्तीत जास्त १८ इलेक्ट्रॉन मावतात असे पुस्तकात आहे आणि पोटॅशियमचे संरूपण मात्र २, ८, ८, १ असे दिले आहे. दहा जागा रिकाम्या असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो, असे तिने विचारले. ‘तसा नियमच आहे’ हे उत्तर मला तिला द्यायचे नाही. दहावीत समजेल आणि अकरावीत गेल्यावर खोटे ठरणार नाही, असे उत्तर कोणी सुचवू शकेल का? शिवाय तांब्याची संयुजा कुठे १, कुठे २ दिलेली असते, त्याचे काय सांगावे?

प्रतिसाद १

ताई, आपण आम्लाला नकार दिलात ते योग्यच केलेत आणि त्यावर ठाम राहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ मधील आदेशानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला आम्ल विकता येत नाही, हे त्या मुलाला अवश्य सांगावे. आम्ल पाण्यात हळूहळू घालावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये, हा नियम मात्र कारणासह शिकवावा. संहत सल्फ्युरिक आम्लाची घनता पाण्याच्या जवळजवळ १.८ पट असते, त्यामुळे वरून ओतलेले पाणी पृष्ठभागापाशी राहते, मिसळताना निर्माण होणाऱ्या प्रचंड उष्णतेने तिथेच उकळते आणि आम्लासह अंगावर उडते. आम्लाचे गुणधर्म दाखवण्यासाठी व्हिनेगर, खाण्याचा सोडा आणि हळदीचा कागद पुरेसे आहेत.

गंधक खोलीत जाळू नये. त्यातून निघणारा सल्फर डायऑक्साइड श्वासनलिकेला झोंबतो आणि दम्याचा त्रास असलेल्या मुलाला तो थोडासुद्धा धोकादायक ठरू शकतो. खिळ्याचा प्रयोग अवश्य करावा, कारण लोखंड तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील आहे हे तो डोळ्यांसमोर दाखवतो. पण मोरचूद पोटात गेल्यास विषारी आणि डोळ्यांना गंभीर इजा करणारे आहे, म्हणून अर्ध्या परीक्षानळीपेक्षा जास्त द्रावण घेऊ नये. प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा आणि हातात मोजे असावेत, केस बांधलेले व ओढणी खोचलेली असावी, टेबलावर खाण्यापिण्याचे काहीही नसावे. द्रावण डोळ्यांत उडाल्यास नळाच्या संथ धारेखाली किमान १५ मिनिटे डोळे धुऊन मग डॉक्टरांकडे न्यावे. त्यासाठी तो अंगणातला नळ प्रयोग चालू असताना मोकळा ठेवा. मी तर आधी तो नळ पाहतो, मग प्रयोग ठरवतो.

आता पोटॅशियम. त्या मुलीचा प्रश्न फार चांगला आहे आणि माझ्या मते त्याचे उत्तर नियमातून नव्हे, पुराव्यातून द्यावे. पोटॅशियमच्या अणूतून पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४१९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि दुसरा काढायला सुमारे ३०५० किलोज्यूल. एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातील इतर आठांच्याच बरोबरीचा असता तर ही सातपटीहून मोठी उडी दिसली नसती. तो एकटा बाहेर आहे, हे हा आकडाच सांगतो. सोडियमच्या बाबतीतही अशीच उडी दिसते, म्हणून दोघे एकाच गणात आहेत. तो बाहेर का, याचे कारण असे, की कवचांच्या आत उपकवचे असतात आणि पोटॅशियमच्या अणूत चौथ्या कवचाच्या पहिल्या उपकवचाची ऊर्जा तिसऱ्या कवचाच्या शेवटच्या उपकवचापेक्षा कमी असते. त्या रिकाम्या दहा जागा पुढे स्कँडियमपासून म्हणजे २१ पासून भरू लागतात. तांबे २९ वे, म्हणजे याच पट्ट्यातले. तिथे आतल्या उपकवचातील इलेक्ट्रॉनही बंधात भाग घेऊ शकतात, त्यामुळे संयुजा एकच राहत नाही.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी. मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये तक्ता मांडला तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो १८९७ चा. पोटॅशियमला सोडियमच्या गणात बसवले ते त्याच्या वागणुकीवरून, कवचे मोजून नव्हे. रिकाम्या ठेवलेल्या घरांतील गॅलियम १८७५ मध्ये आणि जर्मेनियम १८८६ मध्ये सापडले. वागणूक आधी आणि संरूपण नंतर, या क्रमाने शिकवले तर ‘नियम का’ हा प्रश्न आपोआप सुटत जातो.

प्रतिसाद २

वरील सरांच्या उत्तरात थोडी भर घालतो. आमची ओझरजवळ बाग आहे. मुलांना घरून उघड्या पिशवीत औषध आणू देऊ नका. मोरचूद एखाद्या मोठ्या माणसाने, मूळ पाकिटातून काढून, नाव लिहिलेल्या झाकणबंद डबीत पाठवावे आणि तो डबा पुन्हा स्वयंपाकघरात वापरला जाऊ नये. पोटॅश मात्र उपयोगी पडेल. म्युरेट ऑफ पोटॅशचे (म्हणजे पोटॅशियम क्लोराइड या खताचे) दोन-चार दाणे नायक्रोमच्या तारेवर घेऊन गॅसच्या ज्योतीत धरले तर फिकट जांभळा रंग दिसतो, मिठाने पिवळा येतो. पोटॅशमध्ये थोडे जरी मीठ असले तरी पिवळा रंग जांभळ्याला झाकून टाकतो, म्हणून निळ्या कोबाल्ट काचेतून पाहावे. यासाठी स्पिरिटचा दिवा टाळा. पेटत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट ओतताना बाटलीतील वाफ पेटून ज्वाला समोरच्याच्या अंगावर येऊ शकते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ४१९ आणि ३०५० हे आकडे मी उद्याच फळ्यावर लिहीन आणि निष्कर्ष त्या मुलीलाच काढू देईन. एक शंका उरली : खिळ्याच्या प्रयोगानंतर उरलेल्या निळ्या द्रावणाचे काय करावे? आमच्या अंगणातील पाणी नाल्यातून गोदावरीकडे जाते.

प्रतिसाद १

नाल्यात सोडू नका, तांब्याचे क्षार पाण्यातील जीवांना फार घातक असतात. त्या द्रावणात स्टील वूल किंवा लोखंडाचा कीस टाकून निळा रंग पूर्ण जाईपर्यंत ठेवा. तांबे गाळाच्या रूपात खाली बसते. गाळ गाळून, वाळवून नाव लिहिलेल्या बरणीत साठवा आणि जवळच्या एखाद्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाला विचारून तिकडे सोपवा. गाळण्याचे काम मुलांनाच करू द्या. त्यांना ही अभिक्रिया आता ओळखीची आहे.